पोडियमवरचं लॉन, खाडीतले फ्लेमिंगो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी

पत्र थोडक्यात असं: नेरुळच्या एक ताई लिहितायत. वय ३६, आयटीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून काम. मुलगा ७ वर्षांचा, घरात नवरा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर स्वतःचं घर, लोन फिटलेलं, लिफ्ट नाही. "चार मिनिटांवर महापालिकेची बाग आहे पण झोका तुटलेला, टॉयलेट घाण, मी लॉगआउट करून सव्वासातला त्याला घेऊन जाते तेव्हा मोठी पोरं बाकांवर बसून मोबाइलवर गाणी लावून असतात. पंधरा मिनिटांत याचं 'बोअर होतंय, घरी चल' सुरू. शनिवार-रविवार शेवटी स्टेशनवरच्या मॉलमधेच जातो. मी इस्लामपूरजवळ वाढले, दिवसभर उन्हात असायचो, आणि माझा मुलगा समुद्राजवळ राहून टीव्हीसमोर वाढतोय. नवऱ्याने सीवूड्सला एका नव्या टॉवरमधे फ्लॅट बघितलाय. पोडियम गार्डन (म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर केलेली बाग), किड्स झोन, सीनियर सिटिझन कॉर्नर, सगळं आहे. आत्ताचं घर विकून, एफडी मोडून वर ४० लाखांचं लोन होईल. मेंटेनन्स इथे ३,००० आहे, तिथे ९,०००. सासूबाईंना इथून हलायचं नाही, पण त्याही दिवसभर गॅलरीतच बसून असतात. मुलासाठी एवढं करावं का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सासूबाईंबद्दलच्या त्या एका वाक्यापाशी थांबले, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. त्याच्याकडे येतेच, पण आधी पैशांचं बोलून घेऊ म्हणजे ते डोक्यातून बाजूला होईल. ४० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण ३४,७०० बसतो. मेंटेनन्सचे वरचे ६,००० धरा. महिन्याला चाळीस हजार सातशे झाले, म्हणजे दिवसाला साडेतेराशे. पोरगं रोज न चुकता एक तास खाली खेळलं, पावसात, परीक्षेत, सर्दीत सुद्धा, तरी त्या एका तासाचे साडेतेराशे रुपये. आता हे पैसे तुमच्याकडे आहेत की नाहीत हा प्रश्न माझा नाही, तुम्ही दोघं कमावताय. पण हप्ता फेडायला दोघांनीही आणखी उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर बसायचं आणि पोराला खाली घेऊन जायला बाई ठेवायची असं होणार असेल तर मग आपण नक्की काय विकत घेतोय ते एकदा कागदावर लिहून बघा.

आता इस्लामपूर. तुम्ही दिवसभर उन्हात असायचात हे मला शंभर टक्के मान्य, मीही अशीच वाढले. पण मला सांगा, तुम्हाला खेळायला कोण घेऊन जायचं? कोणीच नाही ना. तिथे बाग होती का? किड्स झोन होता का? एखादं पडकं देऊळ, कडेला चिंच, कुणाच्या तरी घराचं बांधकाम चालू असेल तर वाळूचा ढीग, बस. जागा काही खास नव्हती, पण तिथे गेलं की चार-दोन पोरं असणारच याची खात्री होती, आणि कोणी मोठं माणूस समोर बसून "जा ना, खेळ ना, झोका खेळ ना" करत नव्हतं. आपण आठवण काढतो मातीची आणि झाडांची, पण खरं ओढून नेणारी गोष्ट सवंगडी होते. तुमच्या लेकाला बागेत काय दिसतं? सव्वासात वाजलेत, अंधार पडलाय, एक घसरगुंडी, ओळखीचं एकही पोर नाही, आणि आई बाकावर बसलीय जिच्या फोनवर अजून ऑफिसचे मेसेज टिंगटिंग करतायत. चार वेळा घसरगुंडी झाली की करायचं काय? मलाही बोअर झालं असतं.

इथे एक गोष्ट सांगते जी आमच्याकडे वाशीत बसून बसून माझ्या लक्षात आलीय. आपल्याकडच्या बागांना शिफ्ट असतात. साडेचार-पाचला तान्ही आणि नुकती चालायला लागलेली पोरं, सोबत आज्या. साडेपाच ते पावणेसात शाळेतली पोरं, ही मधली शिफ्ट सगळ्यात गजबजलेली, हिच्यात भांडणं पण होतात आणि दोस्त्या पण. सातनंतर वॉकवाले काका-काकू आणि कॉलेजची पोरं. तुम्ही सात वर्षांच्या मुलाला कॉलेजच्या शिफ्टला नेताय ताई. त्यात ना त्याची चूक ना त्या गाणी लावणाऱ्या पोरांची, त्यांची ती वेळच आहे. (त्यांच्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, घरात दोन खोल्यांत सहा माणसं असली की अठरा वर्षांच्या पोराने मित्रांबरोबर बसायचं कुठे, कॅफेत कॉफी दोनशे रुपयाला असते. आवाज कमी कर रे म्हटलं की बहुतेक करतात. एकदा नावं माहीत झाली की नक्की करतात.)

तर घरून काम असतं त्या दोन दिवशी पावणेसहाला बाहेर पडा. कॅलेंडरमधे मीटिंग टाकून ठेवा, बाकीच्या मीटिंगा आपण तशाच पाळतो की. शनिवार-रविवार धरून चार दिवस झाले. तोच बाक, तीच वेळ. मुलाला काही सुचवायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस तो कुरकुर करेल, करू दे, कंटाळा आला तर कंटाळू दे त्याला, त्या वीस मिनिटांच्या कंटाळ्यातूनच पोरं दुसऱ्या पोराकडे सरकतात. आणि जाताना खेळणी नेऊ नका, एक रबरी बॉल आणि सात फरशीचे तुकडे न्या. कुठे ना कुठे टाइल्सचं काम चालूच असतं, मागितले तर मिस्त्री हसत देतो. लगोरी रचली की आजूबाजूची पोरं आपोआप येऊन उभी राहतात, हे मी दहादा बघितलंय, कारण लगोरी दोघांत धड खेळताच येत नाही, तिला टीम लागते. डब्बा ऐसपैस, विषामृत, साखळी, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं हो. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः खेळा, दुसऱ्या दिवशी नुसतं आउट कोण ते ठरवा, तिसऱ्या दिवशी बाकावर. घसरगुंडी, झोका या गोष्टी एकेकट्या पोरासाठी असतात, त्यांच्यावर विसंबून राहिलं की पंधरा मिनिटांतच संपतं सगळं.

आता पोडियम. मी त्याच्या विरोधात नाही, उगाच जुनं ते सोनं करणाऱ्यातली मी नाही. गाड्या नसतात, टॉयलेट स्वच्छ असतं, लाइट असतो, मुली रात्री नऊपर्यंत खाली थांबू शकतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आठ-नऊ वर्षांचं झालं की पोर लिफ्टने एकटं खाली जाऊ शकतं. हे एकटं जाणं फार महत्त्वाचं आहे, तुम्ही इस्लामपूरला जे करायचात ते हेच. पण सगळे पोडियम तसे नसतात. माझ्या एका मैत्रिणीकडे गेले होते, भलामोठा टॉवर, लॉन एकदम हिरवंगार, आणि लॉनच्या कडेला स्टीलचा बोर्ड. बॉल खेळू नये. सायकल, स्केट्स आणू नये. लॉनवर चालू नये. १२ वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय सोडू नये. आवाज करू नये. बोर्डाखाली पायरीवर पाच पोरं एका मोबाइलमधे डोकं घालून बसली होती, आणि मला त्यांचं काही चुकतंय असं वाटलं नाही, बोर्डावर मोबाइलला बंदी नव्हती एवढंच. शिवाय पोडियमच्या खाली पार्किंगचा स्लॅब असतो, त्यावर मातीचा थर टाकलेला, तिथे वड-चिंच कुठून येणार, पाम आणि झुडपं. म्हणजे मे महिन्यात साडेपाचला सुद्धा सावली नाही, स्लॅब तापलेला. आणि शाळेतला मित्र खेळायला येणार तर गेटवर अ‍ॅपवरून परवानगी, प्रत्येक वेळी.

तेव्हा फ्लॅट बघायला जाताना सॅम्पल फ्लॅटचं किचन बघून परत येऊ नका. नव्या टॉवरमधे अजून लोक राहायला आले नसतील तर त्याच बिल्डरच्या आधीच्या सोसायटीत जा, तीन-चार वर्षं जुन्या. मंगळवारी किंवा बुधवारी, संध्याकाळी सहाला. सहा ते नऊ वयाची पोरं मोजा. किती आहेत, काय करतायत, एकटी आलीयत की सोबत मावशी आहेत. पुष्कळ महागड्या सोसायट्यांत त्या वेळेला पोरं कोडिंग, कराटे, अबॅकसला गेलेली असतात आणि पोडियमवर फक्त माळी असतो. उलट एखाद्या ठिकाणी तीस पोरं धुडगूस घालत असतील, बोर्ड असून कोणी पाळत नसेल, तर ती सोसायटी चांगली समजा!

पण त्याआधी तुमच्या स्वतःच्या बिल्डिंगच्या कंपाऊंडबद्दल दोन शब्द, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज आहे ते बघितलंय का? नसेल तर एखाद्या रविवारी जाऊन या, नेरुळहून कितीसं लांब आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत. सात घरं, त्यांच्या मधे साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण, मग असे तीन पुंजके मिळून जरा मोठं अंगण, असं वाढत वाढत गेलेलं. पुढे लोकांनी घरं पाडून मजले चढवले, बरंच रूप बदललं, पण ती छोटी अंगणं आहेत अजून. त्यातली गंमत कळायला आर्किटेक्ट असायला नको. आठ मीटर म्हणजे स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू येतं. पोर बाहेर आहे आणि तरी घरात असल्यासारखंच आहे. त्यासाठी कोणाला ऑफिसातून लवकर निघायला लागत नाही.

तुमच्या सिडकोच्या बिल्डिंगला असं अंगण नसेल, पण खाली मोकळी जागा असणार, आणि ती आज गाड्यांनी भरलेली असणार. सगळी मोकळी करा म्हटलं तर भांडण होईल. आमच्याकडे आम्ही एवढंच मागितलं होतं की रविवारी पाच ते सात गेटजवळच्या चार गाड्या बाहेर रस्त्याला लावा. पहिल्या मीटिंगला एका काकांनी स्क्रॅचचा विषय काढला, दुसऱ्या मीटिंगला काचेचा, तिसऱ्या मीटिंगला त्यांची नात नाशिकहून राहायला आली होती, झाला ठराव पास. सोसायटीच्या ग्रूपवर लिहू नका, तिथे सगळे शूर असतात, दारोदार जाऊन विचारा. तुमच्याच जिन्यात सात-आठ वर्षांची दोन तरी पोरं असतील बघा, जी आत्ता आपापल्या घरात टीव्हीसमोर बसलीयत आणि त्यांच्या आया पण असंच कुणाला तरी पत्र लिहितायत.

"समुद्राजवळ राहून" असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून वाटतं तुमच्या डोळ्यासमोर जुहू आहे, वाळू, लाटा, भेळ. नेरुळला वाळू नाही हो. आपल्याकडे खाडी आहे, चिखल आहे, तिवरं आहेत, आणि ओहोटीला तो एक वास सुटतो ज्याला पाहुणे नाक मुरडतात आणि आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत तुम्ही जात असाल, तिथलं ते तळं शोभेचं म्हणून खणलेलं नाही, ते होल्डिंग पाँड आहे. आपली जमीन सखल, भरती असताना धो धो पाऊस पडला तर पाणी खाडीत जायला तयार नसतं, म्हणून ते आधी तळ्यात धरून ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. शहर बुडू नये म्हणून केलेल्या गोष्टीच्या काठावर आपण वॉक करतो. हे पोराला सांगून बघा, सात वर्षांच्या मुलाला गेट, पाणी, पूर असल्या गोष्टी झोक्यापेक्षा जास्त आवडतात, आणि पावसाळ्यात त्याला पाण्याची पातळी किती चढली ते बघायला जायचं कारण मिळतं. फक्त काठाच्या आत पाय टाकायचा नाही, ना तळ्यात ना खाडीत, तो गाळ वरून घट्ट दिसतो आणि मोठा माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरवूच नका, लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) प्रकरण खरं असतं.

आणि फ्लेमिंगो! इथे मी जरा वाहवत जाणार आहे, सांभाळून घ्या. थंडीत येतात ते मे संपेपर्यंत असतात. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मधे फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मधे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला, ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, सीझनमधे तिथून बोटीने नेतात, ते सगळं एकदा करून या. पण तुम्हाला रोजचं हवंय, आणि ते सीवूड्सच्या पाणथळीवर आहे, रिक्षाने जाण्यासारखं. फक्त कधीही गेलं की दिसतात असं नाही, म्हणून लोक एकदा जाऊन "काही नव्हतं तिथे" म्हणून परत येतात. ओहोटीला पक्षी लांब खाडीच्या चिखलात चरत असतात, ठिपक्याएवढे. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, मग ते आतल्या तळ्यांमधे येऊन उभे राहतात. म्हणजे भरतीची वेळ कळली की झालं.

ती वेळ कोणाला काढता येईल सांगू? तुमच्या सासूबाईंना.

कोळ्यांचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजेला भरती पुरी. षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती भरली. एकादशीला सव्वाआठ, सकाळी आणि रात्रीसुद्धा. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून मोजायचं. आपण खाडीत जरा आत आहोत, अर्धा तास इकडे तिकडे होतो. आणि अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची, म्हणजे लहान, तेव्हा सगळा चिखल बुडत नाही, पक्षी येतीलच असं नाही. संध्याकाळी जायचं तर पंचमी-षष्ठी बरी, रविवारी सकाळी जायचं तर एकादशी-द्वादशी. आता विचार करा, घरात एकच माणूस असं आहे ज्याला आज तिथी कोणती हे कॅलेंडर न बघता माहीत असतं, आणि त्या माणसाला गेली कित्येक वर्षं कोणी काही विचारलेलं नाही. "आजी, आज पक्षी कधी येणार?" असं नातवाने विचारायचं, आजींनी एकादशीचा हिशोब करायचा, पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पोराला दुसरीतच येईल. बरोबर आलं की आजींचा भाव वाढणार, चुकलं की घरी जाताना भांडायला विषय. गाठ्या-शेव मात्र पक्ष्यांना टाकू नका, कोणी टाकत असलं तरी.

आता ते गॅलरीचं वाक्य. "त्याही दिवसभर गॅलरीतच बसून असतात." तिसरा मजला, लिफ्ट नाही, वय ६८. त्या गॅलरीत बसतात कारण त्यांना गॅलरी आवडते असं तुम्हाला खरंच वाटतं का? चढउतार होत नसेल हो. गुडघ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, कदाचित त्याही काही बोलत नसतील, आपल्याकडच्या बायका बोलतच नाहीत, "मला काय करायचंय खाली जाऊन" एवढंच म्हणतात. आणि त्यांना इथून हलायचं नाही हे पण खरं असेल, कारण समोरच्या गॅलरीतल्या बाई, खालचा भाजीवाला, देवळातली घंटा, एवढंच त्यांचं बाहेर उरलंय आणि टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरून ते पण जाईल. विचारा एकदा, स्वयंपाक करताना, समोरासमोर बसवून नाही.

हे जर खरं निघालं ताई तर तुमचा प्रश्नच बदलतो. पोडियमसाठी ४० लाख काढायला माझा जीव होत नाही, पण लिफ्टसाठी घर बदलणं हे मला पटतं. आणि लिफ्टसाठी घर विकायला लागत नाही. आत्ताचं घर भाड्याने द्या आणि त्याच सेक्टरमधे, त्याच बागेजवळ, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमधे किंवा तळमजल्यावर भाड्याने राहायला जा. दोन भाड्यांमधे जो फरक पडेल तो चाळीस हजारांच्या आसपास सुद्धा जाणार नाही. मुलाची शाळा तीच, रिक्षा तीच, भाजीवाला तोच. आजी खाली उतरल्या की पोराची बाग तुमच्या लॉगआउटवर अवलंबून राहत नाही, रोज साडेपाचला त्या दोघांची ड्यूटी लागते, आणि हे ऑफिसचे तीन दिवस सुद्धा सुटतात. तळमजल्याला डास असतात, पावसात ओल असते, ते लपवत नाही, जाळ्या आधी लावा. "आपलं घर असताना भाड्याने?" असं नवरा म्हणेल, माहेरचे म्हणतील, शेजारचे तर नक्कीच. जुन्या सिडको बिल्डिंगा ठिकठिकाणी रिडेव्हलपमेंटला निघाल्यायत, तुमच्या सोसायटीत तशी काही हालचाल आहे का ते पण सेक्रेटरींना विचारून घ्या, असेल तर आत्ता घर विकायची घाई तर अजिबातच करू नका.

नवऱ्याला मात्र मुलाच्या नावाने बोलू देऊ नका. त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणून घर हवं असेल, नवी बिल्डिंग हवी असेल, पार्किंग हवं असेल, तर ती त्याची इच्छा म्हणून टेबलावर येऊ दे, त्यात वाईट काही नाही, मग त्याचा हिशोब त्या हिशोबाने होईल. पोराच्या नावावर घेतलेलं घर पोराला फार जड जातं. दोन वर्षांनी तो पोडियमवर न जाता वर बसून गेम खेळत असेल तेव्हा "तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य तोंडातून येतंच येतं.

बागेच्या टॉयलेटचं आणि झोक्याचं राहिलं. एकट्याने तक्रार करून काही होत नाही असं नाही, पण वेळ लागतो. आम्ही आमच्या बागेतल्या बंद लाइटसाठी चौघीजणी गेलो होतो, फोटो, तारीख, अर्जाची पोच घेतली, दर पंधरा दिवसांनी परत, तीन महिन्यांनी लाइट लागले. चौथी बाई महत्त्वाची, एकीला "बघतो" म्हणून पाठवतात, चौघींना खुर्च्या द्यायला लागतात. रोज जाणाऱ्यांनाच काय बिघडलंय ते दिसतं हेही आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात सीवूड्सच्या तळ्यात भरतीचं पाणी येईना आणि फ्लेमिंगो मेले, तेव्हा ओरडा करणाऱ्यांमधे तिथले रहिवासी पण होते. तुम्ही सहा आठवडे त्या बाकावर बसलात की तुमच्या बाकीच्या तिघी तुम्हाला तिथेच मिळतील. तोपर्यंत घरून निघताना पोराला बाथरूमला पाठवा, बाटलीत पाणी न्या, साडेसहानंतर फुल पँट.

आणि मॉल बंद करा असं मी म्हणत नाहीये, मे महिन्यात दुपारी तिथला एसी मलाही हवासा वाटतो. महिन्यातून एकदा वाळूच हवी असेल तर आता सीवूड्सहून थेट उरणची लोकल मिळते, जानेवारी २०२४ पासून, तिथून रिक्षाने पीरवाडीचा किनारा. डबा घेऊन जा, ओहोटी कधी ते आजींना विचारून जा, येताना पोरगं गाडीत झोपून जाईल. पूर्ण फॅमिलीने सगळ्यांनी एकत्र, सगळ्यांनी सारखंच एंजॉय करायचं हा हट्ट मात्र सोडा. नवरा वॉकला, आजी बाकावर, पोर वाळूत, आणि तुम्ही काहीच करू नका, अर्धा तास नुसतं बसा. पूर्ण पत्रात तुम्ही स्वतः बाहेर कधी जाता ते एकदाही आलेलं नाही.

तेव्हा सहा आठवडे हे करून बघा, टॉवरचं बुकिंग तेवढं थांबतं, बिल्डर "ऑफर या रविवारपर्यंतच" म्हणेल, ती ऑफर दर रविवारी असते. आणि सहा आठवड्यांनी तो फ्लॅट परत बघायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. खिशात बॉल असू द्या. पोडियमवर गेलात की काही न बोलता त्याच्या हातात द्या, आणि वॉचमन किती मिनिटांनी येतो ते मला कळवा.